एबेनचं बारसं

"पोरी, लेकराले लय देखणं नाव ठेवू नोको. पहिल्यांदा धोंडू म्हण, दगडू म्हण. वरीस-दोन वरीस जाऊ दे, मंग काय ठेवायचं ते ठेव."

वच्छलाबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांची सून सुचिता झोपलेल्या बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसली होती. श्वास येत होता. मघाशीही येत होता. पण मघाचा श्वास आताच्या काय कामाचा? "हो आई," ती म्हणाली आणि सासूचं बोलणं तिने या कानाने घेऊन त्या कानाने सोडून दिलं. ती मायक्रोबायॉलॉजीची बीएस्सी होती. जंतू डोळ्यांना दिसत नसले तरी असतात, हे तिने सूक्ष्मदर्शकातून बघितलं होतं. नजर मात्र कुठल्याच काचेखाली कधी दिसली नव्हती.

वच्छलाबाई उगाच बोलत नव्हत्या. याच्या आधीचं लेकरू सहाव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कोणी तोंड उघडत नसे, पण सासू-सुनेने ती एकच भीती दोन टोकांनी धरून ठेवली होती. सासूचं म्हणणं, नाव ओबडधोबड असलं की नजर त्या घराकडे ढुंकून बघत नाही. सुचिताच्या नवऱ्याच्या, गजेंद्रच्या, चुलत आजोबांच्या आधीची भावंडं वाचली नव्हती, म्हणून त्यांचं नाव उकंडराव, म्हणजे उकिरड्यावरचा, ठेवलेलं. ते पार म्हातारे होऊन, नातसुनांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत ठेवत गेले. सुनेचं म्हणणं, इतक्या मुश्किलीने हाती लागलेल्या लेकराला धोंडा म्हणायला जीभ वळेल तरी कशी?

गुरुजींनी पत्रिका मांडून अक्षर काढून दिलं, "ए". आता ए वरून एकनाथ, आणि त्यांच्या धाडसारख्या गावात हाक मारली तर तीन घरांतून ओ येईल इतके एकनाथ. सुचिताला असं नाव हवं होतं की जिल्ह्यात दुसरं सापडू नये. माहेरी, देऊळगाव राजाला, बाळाला मांडीवर थोपटत तिने मोबाइलमधलं नावांचं ॲप पालथं घातलं, आणि एका निळ्या डोळ्यांच्या गुटगुटीत बाळाच्या फोटोखाली तिला ते दिसलं. 'एबेन. मूळ हिब्रू, धर्मग्रंथातलं. अर्थ: भक्कम आधार, मदत करणारा.'

तिच्या अंगावर काटाच आला. मदत करणारा! तिला नेमकी तीच तर हवी होती.

"एबेन?" गजेंद्रने नाव जिभेवर घोळवून बघितलं. त्याचं गावात कृषी केंद्र होतं. "हे तं बोंडअळीच्या औषधावानी वाटते. एबेन, पंपाले एक झाकण."

"तुम्हाला जिकडेतिकडे अळीच दिसते."

"दुकान अळीच्या औषधाचं हाये तं काय मोर दिसन मले?"

वच्छलाबाईंनी फक्त अर्थ विचारला. मदत करणारा म्हटल्यावर त्यांनी "बरं हाये" एवढंच म्हटलं आणि धोंडूचा विषय मिटला. निदान सुचिताला तसं वाटलं.

सगळ्यांत हरखली ती गजेंद्रची धाकटी बहीण काजल. तिला चिखलीला दिलेली. बाळाची ती एकुलती एक आत्या, म्हणजे कानात नाव सांगायचा मान तिचा. सासरहून येताना तिने पाहुण्यांना वाटायला पोतंभर स्टीलचे डबे आणले आणि प्रत्येक डब्यावर दुकानदाराकडून टिपक्या-टिपक्यांनी नाव टाकून घेतलं, 'चि. एबेन यास आत्याकडून'.

बारशाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काजल ओट्यावर डबे मोजत बसली होती. तेवढ्यात सुचिताचा फोन वाजला. जालन्याहून सुवार्ता बोलत होती, कॉलेजच्या होस्टेलातली मैत्रीण. तिचे वडील चर्चमध्ये पाळक आणि ती स्वतः दर रविवारी पोरांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायची.

"सुचे, तुझं स्टेटस बघितलं गं! एबेन! आमच्यातलं नाव ठेवायलीस अन् मला सांगितलं पण नाहीस?"

"सरप्राइज होतं. छान आहे ना अर्थ?"

"अर्थ?" सुवार्ता घुटमळली. "छानच हे तसा. तू ते एबेनेझरवरून घेतलंस, व्हय ना? शमुवेलानं लढाई जिंकल्यावर एक धोंडा उभा केला अन् म्हणाला, देवानं आपल्याला इथवर मदत केली. म्हणून त्याचं नाव एबेनेझर. मदतीचा धोंडा."

"बरोबर. मदत."

"अगं, मदत म्हणजे एझर. तू एझर सोडून दिलंस अन् नुसतं एबेन घेतलंस."

"मग नुसतं एबेन म्हणजे?"

"धोंडा."

सुचिताने दचकून ओट्याकडे बघितलं. पोत्यातून डब्यांचे चकचकीत चेहरे तिच्याकडे बघत होते. चि. धोंडा. चि. धोंडा. चि. धोंडा. ॲपने अर्थ दिला होता अख्ख्या नावाचा आणि नाव दिलं होतं अर्धं. धोंडू नको म्हणून ती सातासमुद्रापार गेली होती आणि तिकडून निळ्या डोळ्यांचा धोंडू घेऊन आली होती.

ती फोन घेऊन मागच्या अंगणात पळाली. "सुवार्ता, दुसरं सांग. ए वरूनच. लवकर."

"एसाव हे बघ. पण त्याचा अर्थ केसाळ."

बाळाच्या डोक्यावर बोटांवर मोजता येतील इतकेच केस होते. "पुढचं."

"एफ्राईम! हे लई गोड. दुप्पट फळ देणारा."

"नको. आई लगेच दुसऱ्याची गोष्ट काढतील. आणि तेही जुळं."

"अगं, आमच्या शास्त्रातल्या बायका लई सरळ होत्या. घरात जे घडलं तेच नाव ठेवून मोकळ्या. म्हातारपणी लेकरू झालं, हसू आलं, तर इसहाक, म्हणजे हसणं. जुळ्यातला एक भावाची टाच धरून बाहेर आला, तर याकोब, टाच धरणारा. राहेल तर बाळंतपणातच गेली. जाता जाता लेकराचं नाव बेनोनी ठेवलं, माझ्या दुःखाचा पुत्र. मग बापानं ते बदललं. म्हणाला, बन्यामीन. उजव्या हाताचा."

सुचिताचे कान घराकडे लागले. आत पाळण्याची कडी कुरकुरत होती. बाळ जागं झालं की काय? की झोपेत आहे? फार वेळ झोपलं नाही ना?

"बापाला बदलता येतं तर आईलाही येत असेल," ती म्हणाली. "त्या एझरचं काहीतरी सांग ना. मदतीचं."

"मग एज्रा ठेव की! एज्रा म्हणजे मदत."

सुचिताने तिथेच, धुण्याच्या दगडापाशी, मनातल्या मनात नाव बदललं. आता फक्त आत्याला सांगायचं राहिलं. आणि खरं कारण तर सांगायचं नव्हतं, कारण काजलच्या पोटात गेलेली गोष्ट तिच्या आईच्या कानापर्यंत पोचायला तिला ओटा उतरावा लागत नसे. आणि सासूला कळलं, तर? दोन महिने लढून जिंकलेली लढाई एका शब्दात जाणार. 'म्हंजे धोंडूच की वं!' हे वाक्य सुचिताला आत्ताच, न बोलता, सासूच्या आवाजात ऐकू येत होतं.

"काजल, ऐका ना. नाव जरा बदलायचंय. एज्रा."

काजलच्या हातातला डबा हातातच राहिला. "वहिनी, गंमत करून राह्यल्या का?"

"नाही हो. ते, गुरुजींनी सांगितलं. एबेन नको म्हणाले."

माणूस घाईत खोटं बोललं की जवळचंच कोणीतरी साक्षीला उभं करतं, आणि तिथेच फसतं. काजलने तिथल्या तिथे गुरुजींना फोन लावला, तोही स्पीकरवर.

"म्या? म्या काहीच नाही म्हटलं," गुरुजींचा आवाज अंगणभर पसरला. "काऊन, पत्रिकेत काही दोष निघाला का? कोनं काढला? दुसऱ्या कोनाले दाखवली का तुम्ही?"

"दोष?" आतून वच्छलाबाई बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. "कायचा दोष?"

"काही नाही आई," सुचिता म्हणाली. काहीतरी आहे हे कळायला याच्याहून स्पष्ट वाक्य मराठीत नाही.

अंधार पडायच्या आत शेजारच्या मंजुळाबाई वाटीभर साखर मागायला आल्या, साखर विसरल्या आणि पदराआडून विचारून गेल्या, "पोट्ट्याच्या पत्रिकेत काही खोट हाये म्हंते?" त्यांच्यामागून कोणीतरी काळा धागा दिला, कोणी बिब्बा दिला. एकीने तर उंबऱ्यातूनच "लेकराचा रंग उतरल्यासारखा वाटते" असं म्हटलं. दिवा तिच्या पाठीमागे होता, तरी सुचिताने बाळाला लगेच उजेडात नेऊन पायाची नखं बघितली. गुलाबी होती. पुन्हा बघितली. गजेंद्र दुकान बंद करून आला तर बाळाच्या गळ्यात तीन धागे आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी.

"हे काय चालू हाये?"

"फवारणी," काजल फणकाऱ्याने म्हणाली. "तुमच्या बायकोले विचारा. माह्या डब्याहिले नावं ठेवून राह्यल्या."

शेवटी वच्छलाबाईंनी सुचिताला चुलीमागच्या कोपऱ्यात गाठलं. "सुचिता, मले खरं सांग माय. डाक्टर काही बोलला का? तपासनीत काही निघालं का? मांगच्या वक्ती बी तुम्ही मले उशिरा सांगतलं होतं."

एका शब्दाने ही भीती उतरली असती. तो शब्द तिच्या ओठांवरही आला. "आई, ते एबेन म्हणजे..."

"आई! ही गोणी कुठी ठेवू?" काजल ओरडली, आणि तो शब्द पुन्हा गिळला गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर बायकांनी भरलं. दारात फुलांची कमान, मधल्या खोलीत पाळणा आणि पाळण्याला फुगे. काजल नवी पैठणी नेसून, पण तोंड फुगवूनच उभी होती. "पाहू," एवढंच ती म्हणाली होती. एबेन की एज्रा, हे कोणालाच माहीत नव्हतं.

बारशात वरवंट्याला बाळाचा मान असतो. लेकरू त्याच्यासारखं टणक व्हावं म्हणून आधी त्याला नटवायचं, पाळण्याखालून एकीने द्यायचा, वरून दुसरीने घ्यायचा, मग बाळाच्या कुशीत ठेवायचा. वच्छलाबाईंनी त्यालाही बाळाच्याच कुंचीच्या कापडातून कुंची शिवली होती, पिवळ्या फुलांची. त्यांनी त्याला न्हाऊ घातलं, काजळ लावलं आणि पुटपुटल्या, "इथलोक आनलं बाप्पा. पुढं बी ने."

पलीकडे उभ्या असलेल्या सुचिताने ते ऐकलं. इथवर मदत केली. कालचं सुवार्ताचं वाक्य तिच्या कानात वळवळलं आणि ती काही बोलणार, तोच बाळाने टाहो फोडला.

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला होता, त्याने बाळ बिथरलं. आधी लाल झालं, मग जांभळं, मग आवाजच बंद झाला. तोंड उघडं, श्वास कुठे नाही. सुचिताने कोणालाही न विचारता त्याला पाळण्यातून उचललं आणि गाणाऱ्या बायकांच्या मागून स्वयंपाकघरात धूम ठोकली. हे बघितलं फक्त वच्छलाबाईंनी. पाळणा मात्र हलतच होता, आणि रिकामा पाळणा हलवू नये हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी चटकन वरवंटा बाळाच्या जागी निजवला, कुंची पुढे ओढली आणि सुनेच्या मागे धावल्या.

स्वयंपाकघरात सुचिता बाळाला पालथं धरून थोपटत होती. "एबेन! ए एबेन!" काही नाही. "एज्रा, बाळा!" काही नाही. कुठलंही हिब्रू तिच्या मदतीला येईना. आणि मग तिच्या तोंडून, डोक्याला न विचारता, निघालं, "अरे धोंड्या! धोंड्या रे! श्वास घे ना माझ्या राजा! तू धोंडाच आहेस, कोणाला नकोस तू, कोणी बघू नका याच्याकडे!"

बाळाने एक मोठा हुंदका घेतला, श्वास आत गेला आणि मग जे रडणं निघालं ते तिला आयुष्यातलं सगळ्यांत गोड गाणं वाटलं. दाराशी वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. दोघींची नजर भेटली. वच्छलाबाईंनी नजर तांब्यात बुडवली.

त्याच क्षणी मधल्या खोलीतून आवाज आला, "कुर्रर्र!" पाठोपाठ आत्याच्या पाठीवर बायकांच्या धपाट्यांचा पाऊस आणि काजलचा ठणठणीत आवाज, "एबेन!"

सुचिता बाळाकडे बघतच राहिली. बाळ तर मांडीवर होतं. मग कुर्र कोणाला झालं?

ती बाहेर आली तेव्हा काजल धपाटे खाऊन पाठ चोळत उठत होती. तिने आधी सुचिताकडे बघितलं, मग तिच्या कडेवरच्या बाळाकडे, मग पाळण्याकडे.

"वहिनी, हे लेकरू तुमच्यापाशी, मंग म्या कोनाच्या कानात सांगतलं?"

मंजुळाबाईंनी कुंची मागे सारली. आत काजळ-कुंकू लावलेला वरवंटा अगदी शांत, मन लावून ऐकल्यासारखा पहुडला होता.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. एक म्हणे, आत्याच्या तोंडून निघालेलं नाव माघारी घेता येत नाही. दुसरी म्हणे, मग लेकराच्या कानात तेच परत सांगा. तिसरी म्हणे, एका घरात दोघांचं एकच नाव कसं चालेल? शेषराव, म्हणजे सासरे, दाराबाहेरून विचारत राहिले, "जेवनं वाढायचे का?" गजेंद्रने डब्यांच्या पोत्याकडे बघून कपाळाला हात लावला. काजल तर रडायलाच आली. "मले दगडाची आत्या केलं!"

"थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या. घर थांबलं. "वरवंट्याचं नाव पडलं ते पडलं. एबेन. अन् लेकराच्या कानातबी नाव पडलं हाये. म्या सोता ऐकलं."

"कोनतं वं?" साऱ्या बायका एका सुरात.

सुचिताने डोळे मिटून घेतले. आता आलंच ते वाक्य.

"ते मायनं ठेवलं, मायपाशी राहू द्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "शाळेत घालाले ते दुसरं लिहा. काय वं ते? एज्रा. ये काजल, आता बराबर कानात सांग. या वक्ती पाहून सांग."

सुचिताला जिंकायचं होतं, आणि सासूने आपली जिंकलेली लढाई अशी पदराखाली झाकून टाकली होती. तिला ते सहन होईना. "आई," ती म्हणाली, "एबेनचा अर्थ धोंडा. नुसता धोंडा. तेच लपवत होते मी कालपासून. पत्रिकेत काही नाही, डॉक्टर काही बोलले नाहीत. लेकरू ठणठणीत आहे."

वच्छलाबाईंनी आधी सुनेकडे बघितलं, मग पाळण्यातल्या वरवंट्याकडे. कालपासून आवळून धरलेला त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की मंजुळाबाईंना त्यांना धरून खाली बसवावं लागलं. "धोंड्याचं नाव धोंडा! माय वं! आत्या लय हुशार हाये आमची!"

आता सगळं सुरळीत आहे. निम्म्या धाडमध्ये पोहे आणि शेंगदाणे एबेनच्या डब्यात असतात. काजल चिखलीहून फोन करते तेव्हा दोन्ही भाच्यांची चौकशी करते. "धाकला निजला का? अन् मोठा चटणी वाटून राह्यला का?" एज्रा हे नाव लसीकरणाच्या नोंदीत गेलं. घरात मात्र कोणी हाक मारली की ती धोंडू अशीच ऐकू येते, आणि ती मारणाऱ्यांत सुचिताचा आवाज सगळ्यांत वरचा असतो.

फक्त एक आहे. वच्छलाबाईंना अजून पाळणा रिकामा ठेववत नाही. बाळाला कोणी उचललं की त्या वरवंट्याला कुंची घालून तिथे निजवतात. आत्ताही पाळणा हलतो आहे, सुचिताचे दोन्ही हात कणकेत आहेत आणि आतून बराच वेळ आवाज नाही.

"अहो," ती तुम्हालाच म्हणतेय, "तुम्ही बसलाच आहात वाचत, तर जरा आत डोकावता का? पाळण्यात धोंडू आहे की एबेन, तेवढं बघा. एबेन असला तर राहू द्या. धोंडू असला तर नाकाखाली बोट धरा. हळूच हं. आणि मला सांगा, लगेच."